थंडीतला पाऊस आणि दारातला ओढा

प्रश्न निपाणीजवळच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "बेळगाव जिल्ह्याला दोन दिवस जोरदार पावसाचा ऑरेंज अलर्ट आलाय. ओढ्या-नाल्यांना अचानक पूर येईल असंही लिहिलंय. महिना डिसेंबर, नदी तळाला गेलेली, आमच्यात ऊसतोड चालू. एवढं मनावर घ्यायचं का? आणि घ्यायचं तर नेमकं करायचं काय?"

मनावर घ्या. पाऊस तुमच्या शिवारात पडेलच अशी खात्री मी देत नाही, आणि ती कुणीच देऊ शकत नाही. पण पडला तर तो तुम्हाला पावसाळ्याच्या सवयीत गाठेल आणि तिथंच घोटाळा होईल. माझी ३१ वर्षं पाटबंधाऱ्याच्या नोकरीत गेली. अर्धी घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या कालव्यांवर, अर्धी वेदगंगा-दूधगंगेच्या बंधाऱ्यांवर. ऑगस्टचे पूर पुष्कळ बघितले, २०१९ चा तर बघवला नाही असा बघितला. तरी झोपेतून ओरडत उठवलं ते डिसेंबरच्या एका ओढ्यानं. ते पुढं सांगतो.

पावसाळ्यात आपल्या भागात चहाच्या गाड्यावरसुद्धा हवामानावर बोलणारे असतात. काळम्मावाडीतून किती सोडलं, पाटगाव भरलं का, कोयनेचा विसर्ग किती, राजापूर बंधाऱ्यावरनं किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) चाललंय, हे पोरासोरांना पाठ असतं. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, भोज-कारदगा हे बंधारे पाण्याखाली गेले की समजायचं, आता पुढचं काय ते. यात एक सोय असते. पाणी वरनं येतं, यायला वेळ लागतो आणि निरोप पाण्याच्या आधी पोचतो. सामान हलवायला, जनावरं सोडायला एक रात्र तरी मिळते.

थंडीतल्या पावसात ती रात्र मिळत नाही. वरच्या धरणाचा, घाटातल्या पावसाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ढग तुमच्याच माळावर फुटतो आणि दोन तासांत पाणी तुमच्याच ओढ्यात असतं. पाऊस पडल्यापासून सहा तासांच्या आत चढणारा पूर, त्यालाच अचानक पूर म्हणतात. नदीची पातळी बघत बसलात तर ती आदल्या दिवशीएवढीच दिसेल, आणि तेवढ्यात मागनं ओढा घरात शिरलेला असेल.

हा पाऊस येतो कुठून ते आधी सांगतो, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आपण ज्याला हिवाळी पाऊस म्हणतो त्याला हवामान खातं मान्सूनोत्तर म्हणतं. त्यांच्या वहीत ऑक्टोबर ते डिसेंबर हा एक हंगाम आणि जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा. या हंगामात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, कधी त्यांचं वादळ होतं. ते तमिळनाडू किंवा आंध्रच्या किनाऱ्याला लागतं, जमिनीवर विरतं, आणि उरलेली ओल घेऊन पश्चिमेला अरबी समुद्राकडे सरकतं. वाटेत आपण असतो. २०२२ च्या ९ डिसेंबरच्या रात्री मंदौस वादळ मामल्लपुरमजवळ किनाऱ्याला लागलं. त्यानंतर आपल्याकडं ढग दाटून आले आणि द्राक्षवाल्यांची झोप उडाली ते आठवत असेल. २०२४ ला फेंगल ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ आलं. किनाऱ्यापासून चांगलं आत असलेल्या कृष्णगिरी जिल्ह्यातल्या उतंगराईला त्यानं एका दिवसात ५० सेंटीमीटरच्या घरात पाऊस टाकला. ते उरलंसुरलं वादळ पुढं अरबी समुद्रात उतरलं. तेव्हा 'वादळ तिकडं मद्रासला, आपल्याला काय' हे म्हणणं सोडून द्यायचं. २००९ च्या सप्टेंबर अखेरीला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत असाच पूर्वेकडून आलेला पाऊस विजापूर, बागलकोट, रायचूरवर कोसळला आणि उत्तर कर्नाटकात दोनशेच्या वर माणसं गेली. एरवी दुष्काळासाठी ओळखले जाणारे जिल्हे ते.

दुसरी गोष्ट दिशेची. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं सह्याद्रीला आपटतं, म्हणून आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कणकुंबी-जांबोटीला हजारांनी मोजावा लागणारा, आणि तोच अथणीला जेमतेम पाच-सहाशे. आंबोली सोडा, कणकुंबी ते अथणी एकाच जिल्ह्यात हा फरक. डिसेंबरमध्ये ओलं वारं पूर्वेकडून येतं, त्यामुळं ही पायरी मोडते. खानापूरला भुरभुर आणि अथणी-रायबागला धो धो, असं खुशाल होतं. अथणी भागातल्या माणसाला जोराच्या पावसाची सवय नसते. त्याचे ओढे बारा महिने कोरडे, त्यात कुणी गोठा बांधलेला, कुणी वाट केलेली, कुणी ओढाच नांगरून घेतलेला.

आता इशारा वाचायचा कसा. मोबाइलवर येतो तो रंग अख्ख्या जिल्ह्याचा असतो, आणि आपला जिल्हा १३ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. चोर्ल्याच्या घाटापासून रामदुर्गपर्यंत एकच नारिंगी. त्यामुळं रंगापेक्षा त्याखालचं वाक्य वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त पावभर ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. 'बऱ्याच' म्हणजे निम्म्याहून जास्त, 'बहुतेक' म्हणजे चारांतल्या तीन हिश्शांच्या वर. 'तुरळक ठिकाणी जोरदार' हे वाचून लोक निर्धास्त होतात. माझ्या मते ओढ्याच्या पुराला तेच वाक्य जास्त घातक. पाऊस सगळीकडं सारखा पडला तर सगळे जागे असतात, तुरळक पडला तर ज्याच्यावर पडतो तो एकटाच जागा.

'जोरदार' हा शब्दही मोजून वापरलेला असतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. आणि हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ. म्हणजे मंगळवारी रात्री पडलेला पाऊस बुधवारच्या नावावर लागतो. दरवर्षी यावरून पंचनाम्यात भांडणं होतात, तारीख लिहिताना ध्यानात ठेवा. शिवाय हा आकडा चोवीस तासांचा आहे. ७० मिलिमीटर दिवसभर झिमझिमला तर जमीन पिऊन टाकते. तोच दीड तासात ओतला तर ओढा रस्त्यावर येतो. थंडीतला पाऊस बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा. दुपारी उकडतं, पूर्वेला ढग चढतात, दिवेलागणीनंतर फुटतात.

सीमाभागातल्या माणसाला एक अडचण जास्तीची. तुमच्या गावाचा अंदाज बेंगळुरूहून येतो, 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या नावाखाली. ओढ्यापलीकडच्या कागल-गडहिंग्लजचा मुंबईहून, 'मध्य महाराष्ट्र' म्हणून. चोर्ला उतरलं की पणजी. ढगाला हे माहीत नसतं. मी कायम तिन्ही बघत आलो. कोल्हापूरला नारिंगी आणि बेळगावला पिवळा असेल तर निपाणीत बसून मी नारिंगीच धरतो. मराठी बातम्या कोल्हापूरच्या आणि सरकारी निरोप कन्नडमधून, या दोन्हींच्या मध्ये आपली कितीतरी माणसं कोरडी राहतात, म्हणजे निरोपाच्या बाबतीत. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला तो मेसेज वाचायला लावा, त्याला कन्नड येतं.

दोन दिवस आधीचा इशारा तयारीसाठी. पाऊस आला की मग ताजा निरोप लागतो. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा अंदाज देतं, तो 'मौसम' ॲपवर मिळतो, विजेसाठी 'दामिनी'. अचानक पुरासाठी २०२० पासून दक्षिण आशियाची एक वेगळी यंत्रणा खात्याकडं चालते. ती जमिनीत आधीच ओल किती, पाणलोट, म्हणजे ज्या रानाचं पाणी ओढ्यात येतं तो भाग, केवढा, हे धरून पुढच्या सहा आणि चोवीस तासांतला धोका काढते. तुमच्या मेसेजमधलं 'ओढ्या-नाल्यांना अचानक पूर' हे वाक्य अशाच हिशोबातून येतं, कुणी मनानं टाकत नाही. आणि आपल्याकडची सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे कर्नाटकच्या आपत्ती देखरेख केंद्राचे ग्राम पंचायतनिहाय पर्जन्यमापक, दर पंधरा मिनिटाला आकडा पाठवणारे. त्यांची 'वरुण मित्र' हेल्पलाइन चोवीस तास चालते. फोन करून एवढंच विचारायचं: आमच्या पंचायतीच्या आणि आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाच्या पंचायतीत गेल्या तासाभरात किती पडला? तासात ३० मिलिमीटरच्या वर आकडा सांगितला तर फोन ठेवून उठायचं. गोव्याचं रडार सह्याद्रीच्या पलीकडे आहे, घाटाच्या आडचे खालचे ढग त्याला नीट दिसत नाहीत. म्हणून रडारच्या चित्रात आभाळ मोकळं दिसलं तरी पूर्वेला वीज चमकतेय का ते दारात उभं राहून बघा.

आता ओढ्याचा हिशोब, पुष्कळांना तो खोटा वाटतो म्हणून सावकाश मांडतो. समजा ओढ्याचा पाणलोट दहा चौरस किलोमीटर आहे. फार नाही, दोन-तीन गावांचं शिवार. त्यावर दोन तासांत ६० मिलिमीटर पाऊस पडला. निम्मं जमिनीनं प्यालं, निम्मं वाहिलं असं धरू. डिसेंबरात माळ कोरडा असतो, तिथं जास्त मुरेल. काळ्या रानात भेगा असल्या तर पहिला पाऊस त्यातच जाईल. पण उसाचं पाण्याखालचं रान असलं तर तिथं मुरायला जागाच नसते. म्हणून निम्मं. ३० मिलिमीटर गुणिले दहा चौरस किलोमीटर म्हणजे तीन लाख घनमीटर, तीस कोटी लिटर. हे तीन तासांत निघून जायचं तर सेकंदाला २८ घनमीटर, म्हणजे हजारभर क्युसेक. तुमच्या गावाच्या रस्त्याखाली ओढ्याला मोरी आहे ना? बहुतेक ठिकाणी तीन फुटी नळ्या तीन. त्यातनं चांगल्या वेगानं गेलं तरी दीडशे क्युसेक जात नाही. उरलेलं साडेआठशे रस्त्यावरनं जाणार किंवा मागं तटून रानात पसरणार.

आणि हे नळ्या मोकळ्या असल्या तर. डिसेंबरात त्या मोकळ्या नसतात. ऊस तुटला की रानात पाल्याचा थर असतो, पाऊस तो उचलतो आणि थेट मोरीच्या तोंडावर नेऊन चिकटवतो. एक नळी बुजायला दहा मिनिटं लागत नाहीत. पावसाळ्यात ही अडचण नसते, तेव्हा ऊस उभा असतो. म्हणून इशारा आला की पहिलं काम हे: दिवस असेतोवर मोरीची दोन्ही तोंडं बघून या, पाला काढा, आणि ओढ्याकडेच्या तुटलेल्या रानातला पाला काठापासून निदान पंधरा-वीस पावलं आत ओढून घ्या. जेसीबीची वाट बघू नका, चार माणसं आणि दोन फावडी पुरतात.

बंधाऱ्यांकडं येतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपला की बरगे घालतात, म्हणजे खांबांच्या खाचांमधनं फळ्या उतरवून पाणी अडवतात. जुन्या बंधाऱ्यांत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा आणि मध्ये माती. नव्यात लोखंडी बरगे आणि रबर. ऑक्टोबरनंतर हे बंद असतात, तुडुंब, आणि त्यांच्या जिवावर सगळी रब्बी. पावसाळ्यात पूर आला तर तो मोकळ्या दारांतनं जातो. थंडीत आला तर पुढं भिंत असते. पाणी वरनं सांडतं ते ठीक, पण जोर जास्त झाला की ते भिंतीला सोडून बगलेची, म्हणजे भिंत काठाला टेकते तिथली, माती धरतं. बगल एकदा कापायला लागली की तासाभरात नवा ओढा तयार होतो.

माझ्या हातनं झालेली चूक इथंच आहे. चिक्कोडी तालुक्यातला एक लहान बंधारा, ओढ्यावरचा. इशारा दुपारीच आला होता. चौकीदारानं फोन करून विचारलं, "साहेब, दोन दारं मोकळी करू का?" मी नको म्हणालो. नुकतंच पाणी साठलेलं, काढलं तर शेतकरी अंगावर येणार, आणि डिसेंबरात येऊन येऊन किती पाऊस येणार! रात्री साडेनऊला तो आला. दहाला चौकीदाराचा फोन, पाणी माथ्यावरनं चाललंय. आता बरगे काढू म्हटलं तर चेन-पुली गोदामात, आणि गोदामाची किल्ली ज्याच्याकडं तो यल्लम्माच्या डोंगरावर गेलेला. किल्ली असती तरी उपयोग नव्हता. पाण्याचा दाब अंगावर असताना फुगलेली फळी खाचेतनं हलत नाही, आणि भरल्या बंधाऱ्यावर माणूस चढवणं म्हणजे त्याला ढकलण्यासारखंच. अकराच्या सुमाराला उजवी बगल फुटली.

खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठालाच, ऊसतोड टोळीच्या नऊ खोपी होत्या. बीड भागातली माणसं. मी पोचलो तेव्हा बायका-पोरं बांधावर चढलेली, अंगावर भिजलेली वाकळ, आणि मुकादम बॅटरी घेऊन पाण्याकडं बघत उभा. माणूस एकही गेलं नाही. एक बैलजोडी गेली. बैल पोहतो, चांगला पोहतो. पण ते दोघं दाव्याला बांधलेले होते. सकाळी खुंटे तसेच रोवलेले होते आणि दावी ताणून खालच्या बाजूला पडली होती. त्या मुकादमाला आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः भेटलो होतो. "जरा वर सरका," म्हणालो होतो, तर तो हसून म्हणाला, "थंडीत कुठला पूर साहेब!" आणि मीही हसलो होतो.

त्या रात्रीनंतर माझे नियम ठरले. इशारा नारिंगी असेल तर उजेड असताना मधली एक-दोन दारं अर्धी मोकळी. थोडं पाणी जाईल, शिव्या बसतील, खायच्या. बंधारा पाणी वापर संस्थेच्या किंवा गावाच्या ताब्यात असेल तर चेअरमनला आजच गाठा आणि किल्ली कुणाकडं आहे हे आजच विचारा. एकदा पाणी माथ्यावरनं जायला लागलं की बरग्याला हात लावायचा नाही. मग फक्त खालच्या लोकांना उठवायचं.

टोळीच्या खोपी काठावर का असतात, तर पाणी जवळ. त्यांना आपल्या ओढ्याचा स्वभाव माहीत नसतो, पावसाळ्यात ते इथं नसतातच, जुनी पूररेषा त्यांनी बघितलेली नसते. तुमच्या रानात टोळी उतरली असेल तर ती जबाबदारी तुमची. मुकादमाला तोंडी सांगून सोडू नका. गाडी पाठवा आणि दोन रात्रींसाठी शाळेत, समाजमंदिरात, नाहीतर तुमच्या गोठ्याच्या माडीवर हलवा. बैलांना काठापासून दूर आणि फासाच्या गाठीनं बांधा, एका ओढीला सुटेल अशी. वीटभट्टीवाल्यांचंही हेच. त्यांची भट्टी खड्ड्यात असते आणि झोपड्या भट्टीच्या कडेला.

धनगर वाड्यांवर असतील तर त्यांना पाण्यापेक्षा गारठा मारतो. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला पुणे-नगर भागात पाऊस आणि वारं एकदम आलं आणि शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. पूर कुठंच नव्हता. भिजलेल्या लोकरीवर रात्रीचा वारा लागला की कोकरू सकाळ बघत नाही. त्यांना आडोसा द्या, मोकळं गोडाऊन असेल तर उघडून द्या. माणसांनाही हेच लागू. पावसाळ्यात भिजलेला माणूस रात्रभर तग धरतो, डिसेंबरात म्हातारी माणसं धरत नाहीत. कोरडी चादर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवायची, एवढं साधं आहे.

हिडकलचं लोक हमखास विचारतात. धरण ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), मलप्रभेवरचं नविलुतीर्थ ३७ च्या पुढचं. पावसाळा बरा झाला असला तर डिसेंबरात दोन्हींत भरपूर पाणी असतं, पण एका पावसानं दारं उघडायची वेळ सहसा येत नाही. सांडव्यापेक्षा कालव्याकडं बघा. रब्बीची पाळी, म्हणजे पाणी सोडायचा फेरा, चालू असते, मुख्य कालवा भरून चाललेला. पाऊस आला की हजार शेतकरी एकाच वेळी म्हणतात, पाणी नको, आणि आपापली दारं बंद करतात. त्यांचं चुकत नाही, पण सगळ्यांनी नाकारलेलं पाणी कालव्यातच राहतं, वर पावसाची भर पडते, आणि शेपटाकडं कालवा फुटतो. हे मी तीनदा बघितलं आहे. म्हणून तुमच्या रानात पाळी चालू असेल आणि आभाळ काळं झालं तर नुसती चारी बंद करून घरी जाऊ नका, आधी खात्याच्या माणसाला फोन करा, वरनं पाणी कमी करायला सांगा. ते खाली यायला तास जातात, म्हणून फोन पाऊस पडायच्या आधी.

पिकांचं थोडक्यात, कारण तुम्ही मुद्दाम विचारलेलं नाही. खानापूर-बेळगावात कापलेलं भात अजून रानात पसरलेलं असेल तर आजच गोळा करून उंचावर गंजी घाला, ताडपत्री खालून आणि वरून; नुसती वरून घालणारे निम्मं भात उगवून बसलेलं बघतात. निपाणीच्या तंबाखूला पाऊस लागला की पानावरचा चिकटा धुतला जातो आणि दर पडतो. वाळत घातलेली पानं आत घ्या, उभ्या पिकाला काही करता येत नाही. शहापूर-वडगावच्या शिवारात मसूर-हरभरा पेरलेला असेल तर सरीचं पाणी ज्या कोपऱ्यातनं बाहेर पडतं तो आधी उघडून ठेवा. बळ्ळारी नाला तुंबला की ते शिवार भर पावसाळ्यात कसं होतं ते तिथल्या लोकांना मी सांगायला नको. नाल्यात गाळ आणि जलपर्णी डिसेंबरातही तेवढीच असते.

रस्त्याचं मात्र नीट ऐका. अचानक पुरात पुष्कळ माणसं घरात जात नाहीत, पाण्यातनं पलीकडं जाताना जातात. घोट्याच्या वर, म्हणजे पंधरा सेंटीमीटर जोराचं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. रात्री पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की कापला गेलाय हे कुणालाच दिसत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमाराला आपल्याकडून सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गाड्या भरभरून जातात, रात्रीच निघतात, ड्रायव्हरला वाटेतले ओढे माहीत नसतात. ट्रॅक्टरवाल्यांनाही हेच. दोन ट्रॉल्या ऊस भरलेला म्हणजे गाडी जड, वाहणार नाही असं वाटतं. पण ट्रॉली आडवी वळली की ट्रॅक्टर तिच्या मागनं जातो. कारखान्याचा नंबर चुकला तर चुकू दे, ऊस एक दिवस वाळेल.

तुमच्या हातात आज संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे असं धरून सांगतो. मोरी बघा. बंधाऱ्याची किल्ली शोधा. टोळी हलवा. नदीकाठची मोटर वर ओढायची असेल तर मेन स्विच पाडून, उजेडात. घरातल्या कुणीतरी एकानं रात्री दोनपर्यंत जागं राहायचं, आळीपाळीनं, आणि ओढ्याचा आवाज ऐकायचा. आवाज वाढला तर कळतंच. पण वाहता ओढा एकाएकी गप्प झाला तर जास्त घाबरा, वर कुठंतरी पाला अडकून पाणी तटलेलं असतं आणि ते सुटतं तेव्हा भिंतीसारखं येतं.

पाऊस थांबल्यावर लगेच खोपीत परतू देऊ नका. शेवटचा थेंब पडून तीन-चार तासांनी ओढा खाली बसतो, आणि बंगालच्या बाजूनं आलेली ही ओल बऱ्याचदा दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा फुटते. बरगे घालायची घाई तर अजिबात नको. बगलेची माती दाबून बघा, पाऊल रुतलं तर अजून दोन दिवस थांबा. तुमच्या टोळीचा मुकादम कुठला आहे, बीडचा की विजापूरकडचा? विजापूरचा असेल तर त्याला २००९ आठवत असेल. त्याला जास्त समजवावं लागणार नाही.